घोळक्याची गाणी : ‘कंदिसा’ ऐकण्याआधी

‘कंदिसा’ हा शब्द मी पहिल्यांदा कॅसेटच्या वेष्टणावर वाचला, तेव्हा मला तो कंदिलाचा कुणी नातेवाईक वाटला. सन २००० संपत आलं होतं. छत्तीसगढातल्या दुर्गच्या एका दुकानात एका भिंतीला भजनं आणि देवीची जसगीतं, समोरच्या भिंतीला हिंदी सिनेमा, कोपऱ्यात थोडं इंग्रजी अशी मांडणी. ही कॅसेट तिन्ही ठिकाणी नव्हती. ती गल्ल्याजवळ, सुट्ट्या पैशांच्या वाटीला टेकवून उभी केलेली. ही कसली गाणी, असं विचारलं तर दुकानदाराने मान अशी हलवली की तिचा अर्थ धड ‘भजन’ नाही आणि धड ‘इंग्रजी’ही नाही. घेऊन जा, नाही आवडली तर परत आणा, म्हणाला. परत न्यायची वेळ आली नाही. पण हिला कुठल्या भिंतीला लावायचं, हा त्याचा पेच मात्र माझ्याबरोबर घरी आला आणि पंचवीस वर्षं राहिला.

पुढच्या पानांत या अल्बममधल्या सात गाण्यांवर सात टिपणं आहेत. लिहिणारी माणसं जामुल, छावनी आणि भिलाईच्या सेक्टरांमधली. दोघं सोडली तर संगीत शिकलेलं कुणी नाही. दर रविवारी एक गाणं ऐकायचं, दुसऱ्या रविवारी त्यावर एक पान लिहून आणायचं, एवढाच नियम होता, आणि तो पाळलाही फारसा गेला नाही. नावं छापू नयेत असं सर्वांनी ठरवलं. प्रस्तावना मी लिहावी असंही सर्वांनीच ठरवलं, कारण कॅसेट माझी.

आधी बँडबद्दल. इंडियन ओशन हा दिल्लीचा. १९९०च्या सुमारास सुस्मित सेन यांची गिटार आणि असीम चक्रवर्ती यांचा तबला व गळा यांच्याभोवती तो जमला. पुढच्या वर्षी बेस गिटार घेऊन राहुल राम आले आणि १९९४ मध्ये ड्रमवर अमित किलम. पहिला अल्बम १९९३ मध्ये एचएमव्हीने काढला. दुसरा, ‘डेझर्ट रेन’, स्टुडिओत झालाच नाही. नाट्यकर्मी सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ ‘सहमत’ ही संस्था दर १ जानेवारीला दिल्लीत कार्यक्रम करते. १९९७च्या त्या कार्यक्रमात ही मंडळी थंडीत वाजवत होती आणि तेच ध्वनिमुद्रण अल्बम म्हणून बाहेर आलं. तिसरा ‘कंदिसा’, टाइम्स म्युझिकचा, २००० सालचा. गाणी सात : ‘कौन’, ‘हिल्ले ले’, ‘क्या मालूम’, ‘माँ रेवा’, ‘खजुराहो’, ‘लीव्हिंग होम’ आणि शेवटी ‘कंदिसा’. त्यांत हिंदी आहे, भोजपुरी आहे, नर्मदाकाठचं लोकगीत आहे आणि अरामी कुळातली एक प्रार्थना आहे. रॉकचे ड्रम, जॅझमध्ये असते तशी एकमेकांना वाट देत वाजवण्याची मोकळीक, रागदारीची आलापी आणि बाऊलांची गबगुबी आहे. गबगुबी म्हणजे काखेत धरायचं, चामड्याने मढवलेलं छोटं भांडं. त्यातून निघालेली तार एका हाताने ताणायची, दुसऱ्या हाताने छेडायची. ताण बदलला की सूर घसरतो, रडतो, हसतो. अमित किलम ड्रमवरून उठून ती घेतात तेव्हा गाण्यात कुणीतरी तिरका माणूस शिरल्यासारखं वाटतं.

अशी यादी वाचली की आपल्याकडे लगेच ‘फ्यूजन’ म्हणतात आणि पुढच्या वाक्यात भेळ येते. मला त्या भेळेचा कंटाळा आला आहे. भेळेत काय आहे ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं आणि तिला लवकर खावं लागतं, नाहीतर मऊ पडते. ‘कंदिसा’ पंचवीस वर्षांत मऊ पडला नाही. का पडला नाही, याचं उत्तर शोधताना मला संगीताच्या पुस्तकांपेक्षा जामुलचा जास्त उपयोग झाला.

जामुल हे गाव भिलाईच्या उत्तरेला, नंदिनी रोडला. भिलाई इस्पात संयंत्राची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. खनिज दल्ली-राजहराचं, चुनखडी नंदिनीची, यंत्रं आणि बरेचसे इंजिनिअर सोव्हिएत रशियाचे. लोखंडाबरोबर भट्टीतून निघते मळी. कामगारांच्या तोंडी ती ‘स्लॅग’. पातळ, लाल, लोखंडावर तरंगणारी. ती सावकाश थंड होऊ दिली तर नुसता दगड होतो, रस्त्याच्या भरावापलीकडे तिचा फार उपयोग नाही. पण तिच्यावर एकदम पाण्याचे फवारे मारले तर जाडसर वाळूसारखे काचेचे दाणे तयार होतात. या दाण्यांत एक झोपलेला गुण असतो. ते स्वतःहून धरत नाहीत. चुन्याची संगत मिळाली की धरतात. एसीसीचा जामुलचा कारखाना १९६५चा, आणि त्याचं सगळं गणित या दाण्यांवर उभं राहिलं. भट्टीतला क्लिंकर, भिलाईची मळी आणि थोडा जिप्सम एकत्र दळायचा की स्लॅग सिमेंट.

माझे बाबा वर्ध्याकडून इथे आले ते सिमेंटच्या प्रयोगशाळेत. सात सेंटिमीटरचे ठोकळे पाडायचे, पाण्यात ठेवायचे आणि तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडायचे. सकाळी ठोकळे फोडून आलेला माणूस रात्री जेवताना काय बोलणार? ते म्हणायचे, मळीचं सिमेंट पहिल्या आठवड्यात मागे पडतं, बिचाऱ्याला सगळे नावं ठेवतात. पण महिन्यानंतर बघ. साधं सिमेंट थांबतं आणि हे चढतच राहतं. मिश्रण म्हणजे काय, याची माझी पहिली समज अशी ताटावरची आहे. मिसळलं म्हणजे झालं असं नाही. काय कशाबरोबर धरतं आणि धरायला किती दिवस लागतात, हा खरा प्रश्न.

तर हेच गाण्यांना लावून पाहू. ‘कंदिसा’तली तीन गाणी अशी आहेत की त्यांना या चौघांच्या आधीचं आयुष्य आहे. पहिलं ‘हिल्ले ले’. मूळ रचना गोरख पांडे यांची, भोजपुरी. पांडे दिल्लीत, जेएनयूत असत. १९८९च्या जानेवारीत त्यांनी आयुष्य संपवलं. त्यांची गाणी पुस्तकांतून कमी आणि मोर्चांतून जास्त फिरली. दुसरं ‘माँ रेवा’. हे नर्मदाकाठच्या लोकांचं, नदीला आई म्हणणारं गाणं. राहुल राम आयआयटी कानपूरला शिकून अमेरिकेत कॉर्नेलला गेले, पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि परत येऊन नर्मदा बचाव आंदोलनात काही वर्षं काम केलं. गाणं तिथून त्यांच्याबरोबर आलं. तिसरं ‘कंदिसा’, केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली फार जुनी प्रार्थना.

एक मोर्चाचं, एक नदीचं, एक चर्चचं. सुरांनी बघितलं तर एकमेकांशी काही नातं नाही. भाषेने बघितलं तर त्याहून नाही. पण तिन्ही गाणी एकट्याने म्हणायची नाहीत. तिन्ही घोळक्यासाठी घडली आहेत. ज्यांचा गळा तयार नाही, ज्यांना ताल मोजता येत नाही, ज्यांचे हात दुसऱ्या कामात आहेत, अशा वीस-पन्नास-दोनशे माणसांना एका वेळी म्हणता यावं म्हणून अशा गाण्यांची ओळ आखूड असते, ती पुन्हा पुन्हा येते आणि श्वास घ्यायची जागा सगळ्यांना एकाच ठिकाणी मिळते. पालखीबरोबर चाललेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. माझं म्हणणं एवढंच की ‘कंदिसा’मध्ये जे धरलं आहे ते इथे धरलं आहे. वेगवेगळे संगीतप्रकार आणून जोडले म्हणून नाही. एकाच प्रकारच्या वापरातली गाणी जवळ आली म्हणून. चुना आणि मळी दिसायला वेगळी, पण पाणी पडल्यावर दोघांना एकच काम येतं.

हे मला जामुलमुळे सुचलं असं म्हणाले, त्यात भिलाईवाल्यांची नेहमीची बढाई नाही. ‘मिनी इंडिया’ हा शब्द इथे इतका वापरून झाला आहे की तो ऐकला की मला भाषणाला उठलेला माणूसच दिसतो. मिनी इंडिया वगैरे काही नव्हतं. पाळ्या होत्या आणि पातळ भिंती होत्या. अ पाळीचा माणूस झोपायला आला की ब पाळीच्या घरात कुकर लागायचा. भाद्रपदात आमच्या ओळीत आरती सुरू झाली की पलीकडच्या तेलुगू घरातल्या पोरी झांजा घेऊन यायच्या, त्यांना शब्द येत नसत पण कडवं कुठे संपतं ते बरोबर कळायचं. दिवाळीच्या आधी गावातल्या बायका टोपलीत मातीचा पोपट ठेवून, गोल करून, टाळ्यांवर सुवा म्हणत दारोदार यायच्या. आई सुपातून तांदूळ द्यायची आणि दोन फेऱ्या तीही घ्यायची. आईचं वऱ्हाडी आणि त्यांची छत्तीसगढी यांत तसंही फार अंतर नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर शंभरेक वर्षं होता, शब्द तेव्हापासून ये-जा करत आहेत. मांदर आणि झांज घेऊन सतनामी मंडळींची पंथी सुरू झाली की चाल वाढत वाढत अशा ठिकाणी जायची की बघणाऱ्याचा श्वास लागावा. यातलं कुणी कुणाचं गाणं ‘शिकलं’ नाही. गाणं चालू असताना जवळ उभे होतो, एवढंच.

मोर्चेही होते. १९९०-९१ मध्ये कामगार नेते शंकर गुहा नियोगी दल्ली-राजहराच्या खाणींतून भिलाईच्या खासगी कारखान्यांकडे वळले, तेव्हा जामुल, छावनी, उरला या पट्ट्यातल्या कंत्राटी कामगारांत खळबळ झाली. २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे भिलाईत हुडकोच्या घरात झोपेत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाउस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. त्या वर्षांत युनियनची गाणी आमच्या रस्त्यावरून गेली. फागुराम यादव यांच्यासारखा खाणकामगार कवी छत्तीसगढीत लिहायचा आणि चाली सगळ्या ओळखीच्या असायच्या, कुठे फाग, कुठे ददरिया. मी तेव्हा गॅलरीत उभी राहून ऐकत असे. खाली उतरण्याची परवानगी नव्हती. म्हणून असेल, पण ‘हिल्ले ले’ पहिल्यांदा ऐकताना मला गॅलरीचे गज हातात असल्यासारखं वाटलं. या गाण्यावरचं टिपण मात्र मी लिहिलेलं नाही. जो तेव्हा खाली, रस्त्यावर होता त्याने लिहिलं आहे, आणि त्याला बँडचं गाणं फार नटलेलं वाटतं. मोर्चात एवढी गिटार कोण वाजवत बसेल, असा त्याचा सवाल. मी खोडलेलं नाही.

‘माँ रेवा’बद्दल मराठी वाचकाला एक आठवण करून द्यावीशी वाटते. नर्मदा आपल्याला मध्य प्रदेश-गुजरातची वाटते, परिक्रमेची वाटते. पण सुमारे ५४ किलोमीटर ती महाराष्ट्राची सीमा आहे, नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या काठाने. सरदार सरोवराचं पाणी चढू लागलं तेव्हा महाराष्ट्रातलं पहिलं गाव मणिबेली होतं. परिक्रमेवर आपल्याकडे पुस्तकांचं कपाट भरेल एवढं लिहून झालं आहे. मणिबेलीवर तेवढं नाही. हे गाणं ऐकताना दोन्ही नर्मदा डोळ्यांसमोर ठेवाव्यात, कारण गाणारी माणसं परिक्रमावासीही होती आणि बुडणारीही. बँडने शब्दांना धक्का लावला नाही. बेस गिटार मात्र मागे उभी राहून साथ करत नाही, नावेच्या पुढच्या टोकाला बसल्यासारखी गाण्याला ओढत नेते. आमच्यातल्या एका काकूंनी लिहिलंय की गाणं ऐकताना पाय ओले झाल्यासारखे वाटतात. संगीतसमीक्षेत हे चालतं का मला माहीत नाही. मला चाललं.

आता शीर्षकगीत. ‘कंदिसा’ हा शब्द सिरियाक भाषेतला, म्हणजे येशूच्या अरामी भाषेच्या कुळातला. ‘कद्दीश’, म्हणजे पवित्र. हिब्रूत तो ‘कादोश’, अरबीत ‘कुद्दूस’. अब्दुल कुद्दूस नावाचा एखादा सहकारी तुमच्या ऑफिसात असेल तर त्याच्या नावात हाच शब्द बसलेला आहे. पूर्व सिरियाक परंपरेतला हा शब्द मलबारच्या किनाऱ्यावर आला आणि तिथल्या जिभेवर त्यातला जोड ‘द’ नाकात गेला, कद्दीशाचा ‘कंदीशा’ झाला. प्रार्थनेत देवाला तीनदा पवित्र म्हटलं आहे आणि मग दया मागितली आहे, बस्स, इतकीच. पश्चिम सिरियाक परंपरेच्या चर्चमध्ये तीच प्रार्थना वेगळ्या उच्चारात होते, शेवटचा ‘आ’ तिथे ‘ओ’ होतो. भिलाईला केरळची माणसं इस्पात संयंत्राबरोबर आली, नर्सिंगला आली, शाळांत शिकवायला आली. ऑर्थोडॉक्स सीरियन चर्चने रुआबांध्याला सेंट थॉमस कॉलेज काढलं. तिकडे बस्तरात जगदलपूरला सिरो-मलबार धर्मप्रांत १९७० च्या दशकापासून आहे. म्हणजे दिल्लीच्या चार मुलांनी ही प्रार्थना गिटारवर घेतली तेव्हा तिचे सख्खे-चुलत अवतार आमच्या गावात दर रविवारी गायले जात होते आणि मला पत्ता नव्हता. मी कॅसेट घेऊन कंदील शोधत होते.

सारांश असा की जग गावात यायला अल्बमची वाट बघत नाही. याचा सर्वांत गमतीदार पुरावा म्हणजे बेंजो. महाभारत गाऊन सांगणारी पंडवानीची पार्टी बघितलीत तर हार्मोनियम, तबला, ढोलक यांच्याबरोबर एक टाइपरायटरसारखी बटणं असलेली लांबट पेटी दिसेल. तीजनबाई इथल्याच गनियारीच्या, भिलाई इस्पात संयंत्रात नोकरीला होत्या, २०१९ मध्ये पद्मविभूषण झाल्या. त्यांच्या मागेही ही पेटी झणझणत असे. इथे तिला बेंजो म्हणतात. लालबाग-परळच्या गणपतीत ‘बेंजो पार्टी’ जी घेऊन नाचवते तीही हीच. अमेरिकेतल्या बँजोशी तिचा काही संबंध नाही. ती आहे जपानची. नागोया शहरात १९१२च्या सुमारास ‘ताइशोगोतो’ नावाने ती जन्मली, बोटी-बंदरांतून इकडे आली, बुलबुलतरंग झाली, मुंबईत मिरवणुकीला गेली आणि छत्तीसगढात महाभारत सांगायला बसली. हार्मोनियमची गोष्टही तीच. १८४०च्या दशकातलं पॅरिसचं वाद्य. इकडे आपल्या संगीत नाटकाने त्याला मांडीवर घेतलं, तिकडे राजनांदगावकडच्या दाऊ मंदराजींनी त्याला ‘नाचा’ या लोकनाट्याच्या मंचावर आणून बसवलं. कुणीही त्याला फ्यूजन म्हटलं नाही. ‘वर्ल्ड म्युझिक’ हे नाव तर १९८७ मध्ये लंडनच्या एका पबमध्ये बैठक घेऊन ठरलं, आणि ठरलं ते याचसाठी की दुकानदारांना या रेकॉर्ड कुठल्या कप्प्यात ठेवायच्या ते कळत नव्हतं. दुर्गच्या माझ्या दुकानदाराला हे सांगायला हवं होतं. त्याने सुट्ट्या पैशांच्या वाटीजवळ ठेवली, तोडगा वाईट नव्हता.

याचा अर्थ सगळी सरमिसळ चांगली असं नाही. त्याच सुमाराला बाजारात संस्कृत श्लोकाखाली ढोल आणि खाली नुसता कीबोर्डचा ढग पसरलेले कितीतरी अल्बम आले. योगासनांच्या वर्गात अजून वाजतात. तिथे श्लोक कुणी म्हणत नसतं, तो भिंतीला लावलेला असतो. दुसऱ्या टोकाला त्रिलोक गुर्टूंसारखे लोक. आई शोभा गुर्टू, बेळगावच्या, ठुमरीतलं मोठं नाव. मुलगा जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून तबला, झांजा, ड्रम, पाण्याची बादली असं सगळं घेऊन बसतो, आणि १९८८च्या ‘उस्फ्रेत’ अल्बममध्ये जॅझवाल्यांच्या घोळक्यात आईलाच गायला बसवतो. घरातून आलेली गोष्ट होती म्हणून ती तिथे पाहुणी वाटत नाही. पण तो रस्ता उस्तादांचा आहे. तिथे प्रत्येक जण इतका तयार की ऐकणाऱ्याने फक्त ऐकावं. ‘कंदिसा’ ऐकणाऱ्याला तिसऱ्या फेरीत ओळ म्हणायला लावतो. दोन्हींत उच्च-नीच मी करत नाही, पण माझ्या स्वयंपाकघरात कुठला वाजतो ते उघड आहे.

अल्बममधलं सगळंच मला आवडतं असं नाही. ‘खजुराहो’ लांबतं. एखादं शिल्प सगळ्या बाजूंनी दाखवायच्या नादात वाटाड्या आपल्याला उन्हात उभं ठेवतो, तसं होतं. ‘क्या मालूम’ वर आमच्या गटात टिपण लिहायला कुणी पुढे येईना. शेवटी चिठ्ठी टाकली, ज्याला आली त्याने अर्धं पान लिहिलं आणि तेही बहुतेक असीम चक्रवर्तींच्या तबल्याबद्दल. गाता गाता तबला वाजवणारा माणूस आपण कीर्तनातसुद्धा क्वचित बघतो. तो २००९च्या नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला गेला. पुढे २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले. बँड नव्या माणसांसह चालू आहे, पण या पुस्तिकेतली चौकडी तीच, २०००ची. ‘लीव्हिंग होम’मध्ये कोणी कुठलं घर सोडलं हे गिटार सांगत नाही, म्हणून इथे प्रत्येकाला आपापलं आठवलं. एकाला श्रीकाकुलम, एकीला छपरा, मला वर्धा, जिथे मी जन्मभरात सगळी मिळून चार महिनेही राहिलेली नाही.

एक अडचणीचा मुद्दा टाळून पुढे जाता येणार नाही. घोळक्याचं गाणं अल्बमवर चढलं की मालक कोण? वेष्टणावर ‘पारंपरिक’ लिहिलं की प्रश्न मिटतो का? छत्तीसगढला हा काटा चांगलाच टोचलेला आहे. २००९ मध्ये ‘दिल्ली-६’ सिनेमातून ‘ससुराल गेंदा फूल’ देशभर वाजलं. इथे ते जोशी भगिनींच्या आवाजात कितीतरी आधी घरोघर रुळलं होतं, नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीरांच्या नटमंडळींनी ते अंगावर वागवलं होतं. गाणं गाजल्याचा आनंद झाला आणि त्याच दमात लोक विचारू लागले की आमचं नाव कुठाय. मला वाटतं इंडियन ओशनला हा दोष कमी लागतो. मंचावर ते गाणं कुठून आलं ते आधी सांगतात, मग गातात. पण कमी लागतो म्हणजे लागतच नाही असं नाही. नर्मदेकाठी ज्यांनी हे गाणं पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं त्यांची गावं बुडाली आणि गाणं तरलं, हा हिशेब कुठल्याही वेष्टणावर बसत नाही.

आणि मग २०१० मध्ये एक गंमत झाली. ‘पीपली लाइव्ह’ आला. नत्था झालेले ओंकारदास माणिकपुरी भिलाईचे, नाचाच्या मंचावरून हबीब तन्वीरांच्या नया थिएटरमध्ये गेलेले. त्या सिनेमाच्या एकाच अल्बमवर इंडियन ओशनचं ‘देस मेरा’ आहे, नून मीम राशिद यांची उर्दू नज्म याच बँडने गायलेली आहे, रघुवीर यादव आणि बडवई गावच्या मंडळींचं महागाईवरचं गाणं आहे आणि नगीन तन्वीर यांचं, मातीच्या देहाबद्दलचं छत्तीसगढी गाणं आहे. सिनेमा बघून परत येताना आमच्या रिक्षावाल्याला नत्थाचं घर कुठल्या गल्लीत आहे ते पाठ होतं. बँडबद्दल त्याला काही माहिती नव्हती आणि असायची गरजही नव्हती. त्याला छत्तीसगढी गाणं येत होतं. नेहरूनगर ते जामुल त्याने ते म्हटलं.

टिपणं छापखान्यात द्यायच्या आदल्या रविवारी आम्ही शीर्षकगीत शेवटचं ऐकलं. त्या दिवशी सेक्टर सहामधून एक ऐंशीच्या पुढच्या केरळी आजी आल्या होत्या, सून घेऊन आली होती. संयंत्राच्या इस्पितळात त्यांनी तीस वर्षं नर्सची नोकरी केली. गाणं सुरू झालं तसं त्यांनी मान वर केली. पहिल्या आवर्तनात काही बोलल्या नाहीत. दुसऱ्यात ओठ हलू लागले, पण त्यांचा वेग वेगळा, बँडच्या बराच मागे. ड्रम आले तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. आम्ही बंद करायला गेलो तर हाताने थांबवलं. संपल्यावर त्यांनी सुनेला मल्याळममध्ये काही विचारलं आणि सुनेने आम्हाला हिंदीत सांगितलं : आई विचारताहेत, हे उभं राहून म्हणायचं असतं, ही मुलं बसून म्हणतात की काय? आम्ही एकमेकांकडे बघितलं. कॅसेटवरून ते कळायला मार्ग नव्हता. आजी म्हणाल्या पुन्हा लावा, आणि सुनेचा हात धरून खुर्चीतून उठल्या. मग आम्हीही उठलो.

सातव्या टिपणाचं पान त्यामुळे या पुस्तिकेत निम्मं कोरं आहे. छपाईची चूक नाही ती. आजींना काय लिहायचं ते विचारलं तेव्हा त्यांनी फक्त वेग लिहून घ्या म्हटलं आणि टेबलावर बोटाने ठोके देऊन दाखवला. तो आम्हाला कागदावर उतरवता आला नाही.